साडूची सुई

मला दोन बहिणी, म्हणून दोन जवाई. देवानं एकच दिला असता तर माझे निम्मे केस अजून काळे राहिले असते.

थोरली विमल मारेगावच्या विठ्ठलरावांना दिली, धाकटी मैना ढाणकीच्या उकंडरावांना. दोघींची लग्नं एकाच दिवशी, एकाच मांडवात, बोरी अरबला आमच्या दारासमोर लागली. बाबांनी दोन्ही जवायांना एकाच दुकानातून, एकाच रंगाच्या सायकली दिल्या. फक्त विठ्ठलरावांच्या सायकलची घंटी जरा मोठ्यानं वाजायची. तेवढ्यावर उकंडराव भरल्या ताटावरून उठले. शेवटी मी मारुतीच्या देवळातली घंटा उतरवून त्यांच्या हँडलला बांधली, तेव्हा कुठं ते मैनेला घेऊन निघाले. ढाणकीपर्यंतच्या सगळ्या गावांत लोक आरती सुरू झाली समजून बाहेर येत होते, असं म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो, पण बरीच वर्षं म्हणतो.

बाबा जाताना मला एकच गोष्ट सांगून गेले. "पुंडलिक, एकाले देशील ते दुसऱ्याले दे. रंग बी तोच."

तेव्हापासून मी सगळं जोडीनं घेतलं. दोन दुपट्टे, दोन टोप्या, दोन ब्लँकेटं. तरी काही ना काही उरायचंच. विठ्ठलरावांच्या कपाशीवर लाल्या आला, तर उकंडराव आपल्या शेतात जाऊन एकेक पान उलटून पाहायचे, अन् आपलं पीक हिरवंगार निघालं की तोंड पाडून घरी यायचे. "त्याच्या शेतात कृषीचे साहेब येऊन गेले म्हणते. आपल्याकडं कोणी फिरकत नाई." त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कॅमेरे फार फिरत. कापसाचं काय झालं, माणसाचं काय झालं, विचारत. विठ्ठलराव एकदा टीव्हीवर दिसले. बैलाच्या मागं, अर्धे. दुसऱ्या दिवसापासून उकंडरावांनी आपला बैल सडकेच्या बाजूला बांधायला सुरुवात केली. बैल वर्षभर तिथं उभा होता. कॅमेरा आला नाही. बैलाचा स्वभाव तेवढा बिघडला.

असं सगळं चाललेलं असताना दोन हजार अकरा साली विठ्ठलरावांच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली.

कॅन्सरची. आवळ्यापेक्षा जराशी लहान. दारूचा थेंब न घेतलेला माणूस. तरुणपणी पांढरी कावीळ झाली होती, ती आतल्या आत लिव्हर खात राहिली होती. पोट उघडून गाठ काढावी एवढी ताकद त्या लिव्हरमध्ये उरली नव्हती. मी त्यांना नागपूरला घेऊन गेलो. तिथं डॉक्टर उर्वशी म्हणून एक बाई, वयानं माझ्या मुलीएवढी. तिनं पोट न फाडता, मशीनवर बघत बघत, बरगड्यांच्या खालून एक सुई गाठीत घातली, सुईत रेडिओच्या लहरी सोडल्या आणि गाठ जागच्या जागी भाजून काढली. वीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी विठ्ठलराव माझ्यासोबत एसटीत उभ्यानं केळी खात होते.

आता एवढी मोठी गोष्ट डोळ्यांनी पाहून आलेला माणूस गप्प बसेल का? बोरीच्या स्टँडवरच्या हॉटेलात मी चहा मागवला आणि सुरू झालो. म्हटलं, सुई आत गेली अन् छत्रीसारखी उघडली. म्हटलं, मांड्यांना दोन पट्ट्या चिकटवल्या, करंट परत जायला. इथपर्यंत खरं होतं. पण चहा गरम होता अन् ऐकणारे दहा-बारा जण होते. म्हणून पुढं म्हटलं, गाठ भाजायला लागली तसा सगळ्या वॉर्डात वांग्याच्या भरताचा वास सुटला, दोन नर्सा भाकरी घेऊन धावत आल्या. म्हटलं, अन् रेडिओच्या लहरी त्या. विठ्ठलरावांच्या बेंबीतून कापसाचे भाव ऐकू आले. वरोरा इतके, वणी इतके. डॉक्टरीणबाईनं सुई जरा फिरवली, तर भजन लागलं.

हॉटेल हसून लोटपोट झालं. एकच माणूस हसला नाही. उकंडराव त्या दिवशी बाजाराला आले होते, अन् माझ्या मागच्याच बाकड्यावर बसले होते.

"पट्ट्या किती म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"अन् टाईम?"

"वीस मिनिटं."

त्यांनी बशीतला चहा तसाच ठेवला. त्यानंतर वर्षभर जिथं विठ्ठलराव भेटतील तिथं शर्ट वर करून बरगडीखालचा तिळाएवढा डाग दाखवत, आणि उकंडराव तो डाग असा पाहत, जसा एखादा दुसऱ्याच्या वावरातली विहीर पाहतो.

दुसऱ्या वर्षी अधिक महिना आला. जवायांना धोंड्याचं जेवण घालायचं, तेहतीस तेहतीस अनारसे द्यायचे. आई-बाबा गेल्यावर ते माझ्याकडंच आलेलं. विठ्ठलराव आणि विमल सकाळीच आले. उकंडराव दुपारी आले, हातात एक मोठं पाकीट घेऊन. त्यांनी अनारसे मोजले नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मोजले नाहीत.

"उमरखेडले सोनोग्राफी केली, मंग नांदेडले मोठा फोटो काढला," ते म्हणाले, अन् पाकीट पाटाशेजारी ठेवलं. "मले बी आहे."

"काय आहे?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"गाठ. लिव्हरमध्ये. तुमची किती होती? अडीच सेंटीमीटर ना? माही साडेतीन आहे."

देवाशप्पथ सांगतो, ते सांगताना त्यांची मान थोडी ताठ झाली होती. विठ्ठलरावांचा घास हातातच राहिला. मैना आतल्या दारात उभी होती. ती माझ्या बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, पण आवाज होऊ देत नव्हती, जवाई जेवत होते ना.

आठ दिवसांत मी उकंडरावांना घेऊन नागपूर गाठलं. मैना सोबत होती. डॉक्टर उर्वशीनं फोटो पाहिले, रक्त तपासलं, अन् आम्हाला समोर बसवलं.

"काका, पोट उघडायचं नाही, हे विठ्ठलकाकांसारखंच," ती म्हणाली. "सुईनं करता येईल. पण सुया बऱ्याच आहेत. एक, गाठीत स्पिरिटसारखं औषध सोडायची. ती लहान गाठीला चालते, अन् त्यासाठी परत परत यावं लागतं. एक बर्फाची, गाठ गोठवणारी. ती आमच्याकडं नाही, अन् तुमच्या लिव्हरला आतून रक्त जायची भीती, म्हणून मी ती सांगणारही नाही. उरल्या दोन, दोन्ही भाजणाऱ्या. एक रेडिओची, विठ्ठलकाकांना दिली ती. दुसरी मायक्रोवेव्हची. तिची मशीन मागच्याच महिन्यात आली."

"दोघीत भारी कोणती?" उकंडरावांनी विचारलं.

"भारी-हलकी असं नसतं. पुष्कळ लोकांत दोन्हींचा निकाल जवळपास सारखाच येतो. गाठ कुठं बसली आहे ते पाहून ठरवायचं." तिनं फोटो उजेडात धरला. "विठ्ठलकाकांची गाठ मोकळ्या जागी होती. तुमची मोठी आहे, अन् ही पाहा, रक्ताच्या मोठ्या नळीला टेकून बसली आहे. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग वाहत्या पाटाच्या काठावर रचून पेटवला तर काय होतं?"

"पाटाकडची बाजू जळत नाई. वली राह्यते."

"तेच. नळीतून रक्त वाहतं, ते तिकडची उष्णता धुऊन नेतं. रेडिओची सुई तिथं कमी पडते. त्या बाजूला गाठ जिवंत राहिली तर परत वाढेल. मायक्रोवेव्ह जास्त तापते, लवकर तापते, वाहत्या रक्ताला तेवढी दाद देत नाही. म्हणून तुम्हाला ती."

मी मनात म्हटलं, वा! शेतकऱ्याच्या पोरीला तोड नाही. बाईचं माहेर नेरकडचं. उकंडरावांना सगळं पटलेलं दिसत होतं. त्यांनी मान हलवली, चष्मा पुसला, अन् विचारलं, "किती टाईम लागते हिले?"

"सहा मिनिटं. फार तर दहा."

"अन् त्याले वीस."

"हो."

"अन् पट्ट्या?"

"हिला पट्ट्या लागत नाहीत."

उकंडराव उठले. "नाई बाई," ते म्हणाले. "मले सहा मिनिटात वाटेला लावता का? त्याले वीस मिनिटं, दोन पट्ट्या, अन् मी तसाच हात हलवत जाऊ? चाळीस वर्षं झाले, या पुंडलिकरावाच्या घरी बी मले एक टोपी कमी भेटली नाई. दवाखान्यात कायले घेऊ?"

"काका, हे जेवणाचं पान नाही, गाठ आहे."

"मले त्याची सुई द्या. नाईतर राहू द्या."

"ती तुमच्या गाठीला मी लावणार नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाली. "अर्धी गाठ ठेवून पाठवायचं असेल तर माझी गरज नाही. महिनाभराच्या आत या. त्यानंतर ती वाढली तर सुईच्या हाताबाहेर जाईल. मग मी काही करू शकणार नाही, हे आजच सांगते."

उकंडराव गेले ते थेट ढाणकीला. स्टँडवर एसटीत चढताना मैनेनं माझा सदरा धरला.

"भाऊ, हे भरीत तुनंच भाजलं न? बेंबीतला रेडिओ तुनंच लावला न? आता तूच बंद कर."

आठवडा गेला. मी ढाणकीला गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम खरं बोललो. ओसरीवर बसून उकंडरावांना सगळं सांगितलं. भरताचा वास खोटा, नर्सांच्या भाकरी खोट्या, कापसाचे भाव खोटे, भजन खोटं.

"छत्री?" त्यांनी विचारलं.

"छत्री खरी आहे."

"पट्ट्या?"

"त्या बी खऱ्या."

"मंग मी काय चुकीचं मागून राह्यलो?" ते म्हणाले. "भजन तर मले तसं बी नव्हतं पाह्यजे."

खरं बोलण्याचा मला अनुभव नाही, म्हणून ते असं अंगावर आलं. तिथून निघालो, तीन एसट्या बदलून मारेगाव गाठलं. विठ्ठलराव अंगणात फवाऱ्याचा पंप दुरुस्त करत बसले होते. विमलनं पाणी आणून दिलं. मी सगळी हकीकत सांगितली. ऐकताना विठ्ठलरावांच्या चेहऱ्यावर जे पसरत गेलं, त्याला समाधान सोडून दुसरा शब्द माझ्याकडं नाही.

"म्हणजे माह्या सुईवर जळून राह्यला तो?"

"जळून राह्यले."

"पट्ट्यांवर बी?"

"पट्ट्यांवर सगळ्यात जास्त."

"वा!" विठ्ठलरावांनी पंप खाली ठेवला. "विमल, ऐकलं का व? पट्ट्यांवर जळते तो."

"जवाईबापू," मी म्हटलं, "अठरा-वीस दिवस राह्यले. तुमी त्यायच्या सुईवर जळा. तिथं येऊन, तोंडानं सांगा. तुमी जळले तरच ते ती घेतीन."

"मी? उकंडरावावर? हे काही होत नाई, साळेबुवा."

"मंग ते मरतीन."

विठ्ठलराव हसायच्या बेतात होते, ते थांबले. कितीतरी वेळ पंपाचा पितळी नळ हातात फिरवत राहिले.

"तो मेला," ते शेवटी म्हणाले, "तं मंग मी घंटी कोणाले ऐकवू?"

विमल उठली. आत जाऊन तिनं पिशवी भरायला घेतली.

ढाणकीच्या ओसरीवर आम्ही तिघं पोचलो तेव्हा उकंडराव बाजेवर बसून शेंगा सोलत होते. साडूला दारात पाहून त्यांनी आधी स्वतःचा शर्ट सरळ केला.

"या साडूभाऊ. डाग दाखवाले आले का? पाह्यला आहे आमी."

"नाई," विठ्ठलराव म्हणाले. "दुसरं दाखवाले आलो."

असं म्हणून त्यांनी आमच्या सगळ्यांदेखत धोतर मांडीवर घेतलं. डाव्या मांडीवर तळहाताएवढा डाग होता. सुरकुतलेला, गुलाबी-काळा, भाजलेल्या चामड्याचा.

"हे काय?" उकंडराव पुढं वाकले.

"पट्टी. जिच्यावर तुमी वर्षभर जळून राह्यले ती. करंट परत गेला न इथून, जाता जाता मांडी पोळली. दीड महिना मले बसता आलं नाई. म्हणून तुमच्या पोरीच्या साक्षगंधाले मी उभ्यानंच जेवलो."

"मले वाटलं, ताठ्यानं उभे आहा."

"ताठा कायचा! आग होत होती." विठ्ठलरावांनी धोतर खाली घेतलं. "अन् आणखी सांगतो. एका सुईत काम झालं नाई. महिन्यानं फोटो काढला तं एक कड जिवंत निघाली. मी परत जाऊन पडलो टेबलावर. तुमाले सांगितलं, वर्ध्याले लग्नाले गेलो."

मी विमलकडं पाहिलं. विमलनं खाली पाहिलं. म्हणजे खरं होतं! दुसऱ्या सुईची मला, सोबत जाणाऱ्या साळ्याला, गंधवार्ता नव्हती. माझ्यासारख्या माणसाला मारेगावच्या एका सरळ शेतकऱ्यानं वर्षभर थाप मारली, अन् ती मी गिळली. मला त्या क्षणी त्यांचा जो हेवा वाटला तो इथं लिहिण्यासारखा नाही.

"सांगितलं काहून नाई?" उकंडराव म्हणाले.

"तुमाले सांगू? तुमी खुश झाले असते."

"झालो असतो," उकंडराव कबूल झाले.

विठ्ठलराव बाजेच्या कडेवर टेकले. "दुसऱ्या खेपेले मी बाईले म्हटलं, काही नवीन नाई का? थे म्हणे, मशीन येऊन राह्यली, पट्टी नाई, काही नाई, सहा मिनिटांत काम. पण अजून आली नाई. माह्यासाठी आली नाई! अन् तुमच्यासाठी आली. तुमी गाठ घेऊन जायच्या महिनाभर आधी येऊन बसली. जसं तुमचीच वाट पाहून राह्यली." त्यांचा आवाज चिरकला. "मी वीस-वीस मिनिटं दोनदा भाजलो, मांडी जाळून घेतली, अन् हा माणूस सहा मिनिटांत उठून जाईन, कोरा करकरीत! अन् वरून नाई म्हणते! साळेबुवा, ह्याले नसन पाह्यजे तं त्या बाईले विचारा, मले परत भाजून देते का."

उकंडरावांनी साडूच्या तोंडाकडं बारकाईनं पाहिलं. चाळीस वर्षं जळलेला माणूस. जळणं खरं की खोटं, हे त्याच्याएवढं कोणाला ओळखू येणार?

त्यांना जे दिसलं ते पुरेसं असावं. त्यांनी शेंगांची पाटी बाजूला सारली.

"मैने," त्यांनी आत हाक मारली, "माही पिशवी भर. नागपूरची."

चौथ्या दिवशी डॉक्टर उर्वशीनं त्यांना टेबलावर घेतलं. आम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसलो. मैना, विमल, मी, आणि विठ्ठलराव, हातातलं घड्याळ काढून मांडीवर ठेवलेलं. आत न्यायला-आणायला वेळ लागला, सुई नेमकी बसवायला वेळ लागला, पण भाजणं म्हणाल तर साडेसात मिनिटं. नंतर शुद्ध आली, तेव्हा उकंडरावांनी डोळे उघडून आधी आपल्या छातीकडं पाहिलं. तिथं गोल गोल चिकटपट्ट्या होत्या, हृदयाचे ठोके पाहायच्या.

"साळेबुवा," ते जड जिभेनं म्हणाले, "मोजा."

"तीन."

"त्याले दोन होत्या," असं म्हणून ते परत झोपले.

महिन्यानं दोघंही जवाई माझ्यासोबत नागपूरला आले. एकाची तपासणी पहिली, दुसऱ्याची वर्षाची. डॉक्टर उर्वशीनं उकंडरावांचा नवा फोटो उजेडात धरला. गाठीच्या जागी एक काळा गोळा होता, विझलेल्या ढिगासारखा.

"कुठंच जिवंत नाही," ती म्हणाली. "नळीकडची बाजूसुद्धा. विठ्ठलकाका, तुमचंही स्वच्छ आहे. पण दोघांनाही सांगते, या लिव्हरमध्ये नवी गाठ निघू शकते. दर तीन महिन्यांनी यायचं. चुकवायचं नाही."

मैना खुर्चीवर बसूनच रडली, या खेपेला आवाज करून. उकंडराव तिच्या पाठीवर हात ठेवून फोटोकडं पाहत होते. मी पान खायला बाहेर आलो, तर विठ्ठलराव मागोमाग आले. मला टपरीच्या आडोशाला घेतलं, इकडंतिकडं पाहिलं.

"साळेबुवा, एक खरं खरं सांगा. त्याच्या छातीले तीन होत्या?"

आता तशाच तीन त्यांच्याही छातीला होत्या. मी दाराच्या काचेतून स्वतः पाहिल्या होत्या. ते तेव्हा गुंगीत होते, अन् शुद्धीवर यायच्या आधी नर्सनं काढूनही टाकल्या. ते सांगितलं असतं तर त्यांचा जीव थंड झाला असता. पण थंड झालेला जवाई तीन-तीन महिन्यांनी एसटीत बसून नागपूरला कायले येईल?

"तीन," मी म्हटलं. "मोठ्या मोठ्या."

मोठ्या मोठ्या माझं होतं, तीन खरं होतं. विठ्ठलरावांनी तोंडातलं पान थुंकलं, अन् पुढच्या तपासणीची तारीख उकंडरावांच्या एक दिवस आधीची मिळते का, ते विचारायला तरातरा परत आत गेले.